शोफर : व्यवसाय व प्रशिक्षण

खाजगी, कार्यालयीन किंवा शासकीय मोटारगाडी दुसऱ्यासाठी वेतन घेऊन चालविणारा प्रशिक्षित चालक म्हणजे शोफर होय. मोटारगाडी चालविता येणे ही या व्यवसायाची केवळ पहिली अट आहे. प्रवाशाची सुरक्षितता, प्रवासातील सुखकरता, वेळेचे नियोजन, वाहनाची निगा, मार्गांचे ज्ञान, शिष्टाचार आणि कानांवर पडलेल्या गोष्टींविषयी मौन ही सर्व त्याच्या कामाची अंगे होत. टॅक्सीचालकाचे प्रवासी दर फेरीला बदलतात. शोफराचा संबंध मात्र एका व्यक्तीशी, कुटुंबाशी किंवा संस्थेशी दीर्घकाळ राहतो. त्यामुळे कौशल्याइतकेच महत्त्व विश्वासार्हतेला येते. महाराष्ट्रात बोलण्यात ‘ड्रायव्हर’ व शासकीय लिखाणात ‘वाहनचालक’ हे शब्द रूढ आहेत. ‘शोफर’ हा शब्द मुख्यतः मोठ्या कंपन्या, हॉटेले व पर्यटनसंस्था यांच्या व्यवहारात आढळतो.

शब्दाचा उगम : मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘तापविणारा’ असा आहे. वाफेच्या एंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्या कामगाराला हे नाव होते. आरंभीच्या काही मोटारी वाफेवर चालत, तर पेट्रोलवर चालणाऱ्या काही मोटारींत प्रज्वलनासाठी एक नळी आधी तापवून घ्यावी लागे. हे काम करणाऱ्यास जुन्याच शब्दाने संबोधले जाऊ लागले व पुढे तो शब्द पगारी मोटारचालकाला कायमचा चिकटला.

इतिहास : दुसऱ्याचे वाहन हाकणाऱ्या कुशल माणसाचा व्यवसाय मोटारीहून पुष्कळ जुना आहे. प्राचीन भारतात रथ हाकणाऱ्या सूताला किंवा सारथ्याला युद्धातील सल्लागाराचेही स्थान असे. महाभारतातील कृष्ण व शल्य ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. यूरोपात, तसेच मुंबई व पुणे यांसारख्या शहरांतील सधन कुटुंबांत एकोणिसाव्या शतकात घोडागाडीवर कोचमन असत. मोटारी आल्यावर काही कोचमन नव्या कामाकडे वळले. तथापि दोन्ही कामांत मोठा फरक होता. घोड्याची जाण असलेल्या माणसाला यंत्राची जाण असेलच असे नव्हते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील मोटार चालविणे हे अर्धे यांत्रिकाचेच काम होते. एंजिन समोरील दांडा हाताने फिरवून सुरू करावे लागे. दांडा उलटा फिरल्यास मनगट मोडण्याचा धोका असे. दिवे ॲसिटिलीन वायूचे असत, टायर वारंवार फुटत आणि पेट्रोल डब्यांतून बरोबर न्यावे लागे. त्यामुळे मालकाला दुरुस्ती करू शकणारा माणूस सतत जवळ लागे व त्याची मालकावरील पकडही मोठी असे. सुटे भाग व दुरुस्ती यांच्या खरेदीत दलाली घेणे, मालकाच्या पश्चात मोटार मौजेसाठी फिरविणे यांविषयीच्या तक्रारी त्या काळी अमेरिकेत वारंवार होत. ‘जॉय राइड’ हा शब्दप्रयोग याच पार्श्वभूमीवर प्रचारात आला. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विजेची प्रारंभक योजना कॅडिलॅक मोटारींच्या १९१२ च्या नमुन्यांत बसविण्यात आली. तिच्या प्रसारानंतर मालकांना स्वतः मोटार चालविणे सोपे झाले, आणि शोफराच्या कामातील भर यंत्राकडून हळूहळू प्रवाशाच्या सेवेकडे सरकला.

चालकाच्या पात्रतेवर शासकीय नियंत्रण सर्वत्र एकाच वेळी आले नाही. पॅरिसमध्ये १८९३ च्या आदेशान्वये चालकाला पात्रतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना आवश्यक ठरला. परंतु त्यासाठी चाचणी नव्हती, केवळ शुल्क भरावे लागे. सक्तीची चाचणी तेथे १ जून १९३५ पासून सुरू झाली. अमेरिकेतील अनेक राज्यांनी पगारी चालकासाठी शोफर-परवाना हा स्वतंत्र प्रकार निर्माण केला. परवान्यापलीकडील शिक्षण देण्याची जबाबदारी काही उत्पादकांनी उचलली. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या मोटारींवरील चालकांसाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्ग चालविले. त्यांत यंत्ररचना, निगा व चालन ही तिन्ही अंगे शिकविली जात.

दोन्ही महायुद्धांच्या काळात पुरुष सैन्यात गेल्यामुळे यूरोपात स्त्रिया मोठ्या प्रमाणावर वाहनचालक झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जनरल आयझनहौअर यांची मोटार के समर्सबी ही स्त्री चालवीत असे. शांततेच्या काळात मात्र हा व्यवसाय पुन्हा बहुतांशी पुरुषांचाच झाला.

भारतात मोटारींचे आगमन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. संस्थानिक, व्यापारी व वरिष्ठ अधिकारी यांच्या मोटारींवर पगारी चालक नेमण्याची प्रथा आरंभापासून होती. चालन व नोंदणी यांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या व नंतर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मुंबईतील संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली. सार्वजनिक वाहतुकीच्या क्षेत्रात प्रशिक्षण व संशोधन करणारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था १९६७ पासून पुण्यात कार्य करीत आहे.

चालनकौशल्य : सामान्य चालक व कुशल शोफर यांच्यातील फरक वेगात नसून पूर्वदृष्टीत असतो. समोरील संकट दिसल्यावर त्वरेने ब्रेक दाबणे हे दुय्यम कौशल्य होय. संकट निर्माण होण्यापूर्वीच त्याची चिन्हे ओळखून वेग व जागा बदलणे हे मुख्य कौशल्य होय. थांबलेल्या बसच्या पुढून पादचारी येऊ शकेल, उभ्या मोटारीचे दार उघडू शकेल, रस्त्यावर आलेल्या चेंडूमागून मूल धावेल, असे अनुमान अनुभवी चालक सतत करीत असतो.

या अनुमानाला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप देण्याचे महत्त्वाचे कार्य लंडन येथील महानगर पोलिसांच्या हेंडन चालनशाळेत १९३० नंतरच्या दशकात झाले. लॉर्ड कॉटनम यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे विकसित झालेली पद्धती पुढे ‘रोडक्राफ्ट’ या पुस्तिकेद्वारे १९५५ मध्ये सर्वसामान्यांस उपलब्ध झाली. तिच्या आजच्या रूपात पाच पायऱ्या आहेत : माहिती घेणे, रस्त्यावरील योग्य जागा धरणे, वेग ठरविणे, त्या वेगाला साजेसा गिअर निवडणे आणि शेवटी वेग वाढविणे. प्रत्येक वळण, चौक व अडथळा यांपूर्वी या पायऱ्या याच क्रमाने विचारात घ्यावयाच्या असतात. माहिती घेण्याची क्रिया मात्र पहिल्या पायरीवर संपत नाही. ती अखेरपर्यंत चालू राहते. अमेरिकेत हॅरल्ड स्मिथ यांनी १९५२ मध्ये पाच सूत्रांची पद्धती मांडली. दूरवर पाहणे, संपूर्ण दृश्य लक्षात घेणे, नजर फिरती ठेवणे, निसटण्यास जागा राखणे आणि आपण इतरांना दिसतो आहोत याची खात्री करणे, ही ती सूत्रे होत. तेथील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने १९६४ मध्ये रक्षणात्मक वाहनचालनाचा अभ्यासक्रम सुरू केला. दुसऱ्याची चूक झाली तरी अपघात टाळणे ही आपली जबाबदारी मानावी, हे या विचाराचे सार आहे.

अंतर राखण्याचे महत्त्व गणिताने स्पष्ट होते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सु. १७ मी. अंतर कापते. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला व त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला सेकंदास ७ मी. या प्रमाणात वेग घटला, तर ब्रेक लागल्यापासून आणखी २० मी. लागतात, म्हणजे एकूण ३७ मी. ताशी ९० किमी. वेगास हेच अंतर सु. ७० मी. होते. वेग दीडपट झाला असता थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होते, कारण ब्रेकखाली कापलेले अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. म्हणून पुढील वाहन एखाद्या खुणेपाशी आल्यावर निदान दोन सेकंदांनी आपण त्या खुणेपाशी पोहोचावे, आणि पावसात हा काळ दुप्पट करावा, असा नियम शिकविला जातो.

प्रवासातील सुखकरता : मागील आसनावर बसलेली व्यक्ती कागद वाचीत असते, दूरध्वनीवर बोलत असते किंवा झोपलेली असते. रस्ता तिला दिसत नसल्यामुळे वेगातील बदलासाठी तिचे शरीर आधी सावध होत नाही. चालकाला सौम्य वाटणारा हिसका तिला मोठा वाटतो व त्यामुळे मळमळही होते. या कारणास्तव शोफराला वेग कमी करण्याचे व वाढविण्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. ताशी ६० किमी. वेगाची मोटार दर सेकंदाला सेकंदास १.५ मी. या सौम्य प्रमाणात थांबवावयाची असल्यास सु. ९३ मी. अंतर व ११ सेकंद लागतात. एवढे अंतर उपलब्ध व्हावयाचे, तर लाल दिवा किंवा खोळंबलेली वाहने तितक्या दुरूनच हेरली पाहिजेत. सुखकर चालन व सुरक्षित चालन यांचे मूळ अशा रीतीने एकच आहे. मोटार पूर्णपणे थांबण्याच्या क्षणी ब्रेकवरील दाब किंचित सैल केला, तर शेवटचा धक्का बसत नाही. ही क्रिया नवशिक्यास जाणीवपूर्वक शिकावी लागते.

वळणावर प्रवाशाला बाहेरच्या बाजूस लोटणारा परिणाम वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ६० मी. त्रिज्येच्या वळणावर वेग ताशी ४० किमी. वरून ३० किमी. वर आणला, तर हा परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो. वेग वळणापूर्वी कमी करावा व वळणात तो स्थिर राखावा, या नियमामागे हेच कारण आहे. सह्याद्रीच्या घाटांत याला विशेष महत्त्व येते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये एंजिनाचाच रोध वापरावा लागतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट देण्याचा नियम आहे. पावसाळ्यातील धुके, दरडी व निसरडे रस्ते यांमुळे कोकणात उतरणाऱ्या चालकाला वेळेचा अंदाज नेहमीपेक्षा सैल धरावा लागतो.

मार्गज्ञान व नियोजन : लंडनमधील टॅक्सीचालकांसाठी १८६५ पासून ‘नॉलेज’ या नावाने ओळखली जाणारी परीक्षा आहे. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातील सु. २५,००० रस्ते तिच्यासाठी पाठ करावे लागतात. या चालकांच्या मेंदूतील स्थलस्मरणाशी निगडित भागाची रचना इतरांहून वेगळी असल्याचे एलिनर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले. शोफराला अशी परीक्षा नसली, तरी मार्गाचे ज्ञान त्यालाही लागतेच. उपग्रहाधारित मार्गदर्शक यंत्रे सर्वत्र झाल्यापासून रस्ता सापडणे सोपे झाले आहे. परंतु इमारतीचे कोणते दार उघडे असते, उतरण्यास सुरक्षित जागा कोठे आहे, पाणी साचल्यावर कोणता भुयारी मार्ग बंद होतो, जवळचे रुग्णालय कोणते, हे यंत्र नेहमी सांगू शकत नाही. अपरिचित ठिकाणी महत्त्वाच्या वेळी जावयाचे असल्यास आदल्या दिवशी मार्ग प्रत्यक्ष पाहून येणे, ही चांगल्या शोफराची पद्धत होय.

सूचना चालकापर्यंत न पोहोचल्याने काय घडू शकते, याचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण सारायेव्हो येथील आहे. २८ जून १९१४ रोजी सकाळी झालेल्या बाँबहल्ल्यानंतर आर्चड्यूक फ्रांट्‌स फेर्डिनांट यांचा मार्ग बदलण्याचे ठरले, परंतु चालक लेओपोल्ट लोयका याला ते सांगितले गेले नाही. तो ठरल्या जुन्या मार्गावर वळला. चूक लक्षात आणून देताच त्याने मोटार थांबविली आणि ती थांबली तेथेच गाव्ह्‌रीलो प्रिन्सिप उभा होता. दोष चालनकौशल्याचा नव्हता, निरोपाच्या व्यवस्थेचा होता. याउलट २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळील पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या सित्रोएन मोटारीवर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटलेले असतानाही चालक फ्रांसिस मारू याने मोटार न थांबविता वेगाने बाहेर काढली व सर्वजण बचावले. उच्चपदस्थांच्या चालकांना दिल्या जाणाऱ्या संरक्षणविषयक शिक्षणाचे मुख्य सूत्र हेच आहे : हल्ल्याच्या जागी थांबू नये.

वाहनाची निगा : आधुनिक मोटारीची दुरुस्ती शोफराकडून अपेक्षित नसते, दोष वेळीच ओळखणे मात्र अपेक्षित असते. रोज सकाळी एंजिनातील तेल, शीतक द्रव, ब्रेकचे तेल, दिवे, काचपुसणी, टायरमधील हवा व मोटारीखाली पडलेले थेंब पाहून घ्यावे लागतात. टायरमधील दाब टायर थंड असतानाच मोजतात. भारतातील नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिमी. पेक्षा कमी असता कामा नये. नोंदणी, विमा व प्रदूषणविषयक प्रमाणपत्र यांच्या मुदती लक्षात ठेवणे, इंधनाची व फेऱ्यांची नोंदवही चोख ठेवणे ही कामेही त्याच्याकडेच असतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे या कामात भर पडली आहे. पाय उचलताच वेग घटविणारी पुनर्जनन पद्धती हिसक्याविना वापरण्यास सराव लागतो, विद्युत्‌भारणाच्या थांब्यांचे नियोजन करावे लागते, आणि मंद वेगात आवाज अत्यल्प असल्याने पादचाऱ्याला मोटार आल्याचे कळत नाही हे ध्यानात ठेवावे लागते.

शिष्टाचार व गोपनीयता : भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात व चालकाची जागा उजवीकडे असते. त्यामुळे मागील आसनाची डावी बाजू ही मुख्य प्रवाशाची जागा मानतात. पदपथाच्या बाजूने सुरक्षितपणे उतरता येते आणि चालकाला दार उघडून देणे सोयीचे होते. ठरल्या वेळेपूर्वी काही मिनिटे मोटार तयार ठेवणे, प्रवासी येण्यापूर्वी ती थंड वा उबदार करून ठेवणे, प्रवाशाने विषय काढल्याखेरीज संभाषण सुरू न करणे, तंबाखू व उग्र सुगंध टाळणे हे नियम सर्वत्र सारखेच आहेत. वृद्ध, आजारी वा लहान प्रवाशांना चढण्या-उतरण्यास मदत करण्याची रीत शिकून घ्यावी लागते.

मोटारीत चाललेली व्यावसायिक बोलणी, घरगुती वाद, भेटीगाठींच्या जागा व वेळा चालकाला आपोआप कळतात. या माहितीविषयी मौन पाळणे हा व्यवसायाचा अलिखित नियम आहे. अनेक कंपन्या तसे लेखी बंधनही घालतात. मौनाची मर्यादा कायद्यापाशी संपते. अपघात वा गुन्हा यांसंबंधी चौकशीत खरी माहिती देणे चालकावर बंधनकारक असते. अपघात झाल्यास थांबणे, जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या आवाक्याबाहेरील अन्य कारणामुळे अशक्य नसल्यास जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळविणे ही कर्तव्ये १९८८ च्या अधिनियमातील कलम १३४ ने त्याच्यावर टाकली आहेत.

आज्ञापालन व उत्तरदायित्व : या व्यवसायातील सर्वांत कठीण प्रसंग मालक घाई करू लागतो तेव्हा येतो. विमान गाठावयाचे असते, बैठक सुरू झालेली असते आणि ‘जरा दाबून चालव’ असे मागून सांगितले जाते. आज्ञा मोडली तर नोकरीची भीती असते; आज्ञा पाळून अपघात झाला तर परवाना, खटला व कारावास चालकाच्या वाट्याला येतात. कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. मालकाच्या सांगण्यावरून वेगमर्यादा ओलांडली, या कारणाने चालक दोषमुक्त होत नाही. त्याचबरोबर, नोकराला मर्यादेपेक्षा अधिक वेगाने वाहन चालविण्यास लावणारी व्यक्तीही कलम १८३ खाली दोषी ठरते. वेगमर्यादा न मोडता पुरा होणे शक्य नाही अशा वेळेत प्रवास पुरा करण्याचा आदेश दिला असेल, तर तो आदेशच आदेश देणाऱ्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो. धोकादायक रीतीने किंवा मद्याच्या अंमलाखाली वाहन चालविण्यास चिथावणी देणे हाही कलम १८८ अन्वये गुन्हा आहे. पुष्कळ मालकांना व चालकांना या तरतुदी माहीत नसतात.

घाईने मिळणारा लाभही बहुधा नगण्य असतो. शहरातील २० किमी. अंतरात सरासरी वेग ताशी ३० किमी. वरून ३३ किमी. वर नेला, तरी चार मिनिटेसुद्धा वाचत नाहीत; एवढी वाढ मिळविण्यासाठी मात्र मोकळा तुकडा दिसेल तेथे बराच अधिक वेग घ्यावा लागतो व वाहनांच्या फटींतून घुसावे लागते. म्हणूनच प्रशिक्षणात चालकाला नम्रपणे नकार देण्याची भाषाही शिकविली जाते. ‘साहेब, दहा मिनिटे उशीर होईल असे कळवावे’ हे वेळीच उच्चारलेले वाक्य पुढील धोका टाळू शकते.

३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमधील भुयारी मार्गात झालेल्या अपघातात वेल्सची राजकन्या डायाना हिचा मृत्यू झाला. त्या रात्री मोटार चालविणारा मनुष्य हॉटेलच्या सुरक्षा विभागातील अधिकारी होता, व्यावसायिक शोफर नव्हता. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण कायदेशीर मर्यादेपेक्षा अधिक होते, वेग बेसुमार होता आणि मोटारीतील कोणीही आसनपट्टा बांधलेला नव्हता. पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या व या चालकाच्या अत्यंत निष्काळजी चालनामुळे मृत्यू घडला, असा निर्णय लंडन येथील चौकशीतील पंचांनी एप्रिल २००८ मध्ये दिला. मागील आसनावरील पट्ट्याकडे भारतातही दुर्लक्ष होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या झालेल्या मृत्यूनंतर या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले. मागे बसलेल्यांनी पट्टे बांधल्याखेरीज मोटार न हलविणे हा शोफराचा अधिकार मानला गेला पाहिजे.

विश्रांती व सेवाशर्ती : सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची दक्षता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाच्या दक्षतेइतकी घसरते, असे विल्यमसन व फेयर यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. भारतातील चालकासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ., म्हणजे सु. ०.०३ टक्के आहे. मद्य घेतलेल्या चालकाला मोटारीस हात लावू न देणारा मालक पहाटे विमानतळावर व रात्री समारंभाला एकाच चालकाला नेतो, तेव्हा तो जवळजवळ तोच धोका पत्करीत असतो. थकवा चालकाला स्वतःला नीट उमगत नाही, हे त्यातील विशेष भय होय.

मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ ने पाच वा अधिक कामगार असलेल्या वाहतूक-उपक्रमांतील चालकांसाठी दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली. हा अधिनियम पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. घरगुती मोटारीवर नेमलेला एकटा चालक अशा उपक्रमांसाठी आखलेल्या चौकटीच्या सामान्यतः बाहेरच राहतो. त्याचे तास, साप्ताहिक सुटी, जादा कामाचा मोबदला, प्रतीक्षेच्या वेळी बसण्याची व प्रसाधनाची सोय या गोष्टी मालकाशी होणाऱ्या तोंडी करारावरच अवलंबून असतात. मोटारीच्या विम्यात पगारी चालकाची जोखीम समाविष्ट आहे की नाही, हे नेमणुकीच्या वेळीच पाहणे उभयतांच्या हिताचे ठरते. चालक व मालक यांच्यातील या विषम नात्याचे चित्रण अरविंद अडिगा यांच्या २००८ मध्ये बुकर पारितोषिक मिळालेल्या ‘द व्हाइट टायगर’ या इंग्रजी कादंबरीत आढळते. तिचा निवेदक दिल्लीतील एका कुटुंबाचा चालक आहे.

भारतातील परवाना व प्रशिक्षण : मोटारगाडी चालविण्याच्या परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे, तर परिवहन वाहनासाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रथम शिकाऊ परवाना व नंतर चाचणीअंती पक्का परवाना मिळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ अन्वये चालनशाळांना परवाना घ्यावा लागतो. या नियमांतील अभ्यासक्रमानुसार खाजगी हलक्या वाहनासाठी निदान २१ दिवसांचे शिक्षण व १० तासांचे प्रत्यक्ष चालन, तर परिवहन वाहनासाठी ३० दिवस व १५ तास अपेक्षित आहेत. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना सुरू झाली. अशा केंद्रात हलक्या वाहनासाठी कमाल चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम असतो व तो यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चालनचाचणीतून सूट मिळू शकते. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे अल्पशिक्षितांना या व्यवसायाचे दार उघडे झाले आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे महत्त्व वाढले.

हे सर्व शिक्षण परवान्यापुरते असते. शोफरासाठी त्यापुढील शिक्षण मोठी हॉटेले, भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपन्या व मोटार-उत्पादक आपापल्या परीने देतात. चांगल्या अभ्यासक्रमात पूर्वदृष्टीचा सराव, सुखकर ब्रेक, रात्रीचे व घाटातील चालन, प्रथमोपचार, अग्निशामक यंत्राचा वापर, मार्गनियोजन, संभाषण आणि कायद्याची ओळख यांचा समावेश असतो. पूर्वदृष्टीच्या सरावासाठी शिक्षक शिकाऊ चालकाला जे दिसते ते व त्यावर तो काय करणार आहे ते मोठ्याने बोलत मोटार चालविण्यास सांगतो. या पद्धतीमुळे त्याने काय पाहिले नाही, हे शिक्षकाला तत्काळ कळते. सुखकर चालनाची परीक्षा घेण्यासाठी शिक्षक स्वतः मागील आसनावर बसून लिहितो किंवा पाण्याने भरलेला पेला समोर ठेवतो.

स्त्रियांच्या दृष्टीनेही या व्यवसायात नवी वाट निर्माण झाली आहे. दिल्लीत २००८ मध्ये कार्य सुरू केलेल्या आझाद फाउंडेशन या संस्थेने गरीब वस्त्यांतील स्त्रियांना व्यावसायिक चालक म्हणून तयार केले. तेथील शिक्षणात चालनाखेरीज आत्मसंरक्षण, संभाषण व कायदेशीर हक्क यांचा समावेश आहे. घरगुती मोटारीवर व स्त्री-प्रवाशांच्या सेवेत अशा चालकांना काम मिळते.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या पार्श्वभूमीवर शोफराचे प्रशिक्षण ही केवळ सधनांच्या सोयीची बाब उरत नाही. मालकाच्या मोटारीतील प्रवाशाइतकाच रस्त्यावरील पादचारी व दुचाकीस्वारही त्याच्या कौशल्यावर विसंबून असतो. आपोआप ब्रेक लावणाऱ्या व मार्गिका सोडल्यास सूचना देणाऱ्या यंत्रणा मोटारींत येऊ लागल्या आहेत. त्या चालकाला साहाय्यभूत होतात. परंतु मार्गिकांच्या रेषा पुसट असलेल्या व सर्व प्रकारच्या वाहनांनी गजबजलेल्या रस्त्यांवर निर्णयाची जबाबदारी अद्याप चालकाकडेच राहते. पुरेशी झोप, वाजवी वेतन, निश्चित तास आणि घाईला नकार देण्याची मुभा यांवाचून उत्तम प्रशिक्षणही अपुरे पडते.